मनगटावरची गाठ: थांबायचं, सुई लावायची की ऑपरेशन?

हात खाली वाकवला की मनगटाच्या वरच्या बाजूला वर येणारी, दाबली तर रबरासारखी लागणारी गोल गाठ. डॉक्टर तिला गँगलियन म्हणतात. हातावर येणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, बहुतेकदा 20 ते 40 या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. ती कॅन्सरची गाठ नाही आणि पुढे तशी होतही नाही. मला हे पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

निर्णय घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: या गाठीला देठ असतो. आतलं 'पाणी' खरं तर जेलीसारखं घट्ट आणि चिकट असतं, आणि गाठ त्या बारीक देठाने सांध्याच्या आवरणाशी जोडलेली असते. हाताला काम जास्त पडलं की ती फुगते, विश्रांती मिळाली की बसते, म्हणून तिचा आकार आठवड्याआठवड्याला बदलतो. पुढचे तिन्ही पर्याय या देठाचं काय होतं यावरच वेगळे ठरतात.

दुखत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: थांबा. साधारण निम्म्या गाठी काही वर्षांत आपोआप जिरतात. थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. एकदा तपासून घ्यायचं, शंका वाटली तर सोनोग्राफी करायची, दुखेल त्या दिवसांत मनगटपट्टा बांधायचा. पट्टा महिनोन्‌महिने मात्र नको, मनगट आखडतं आणि पकड कमजोर होते. जड पुस्तक आपटून गाठ फोडायचा जुना उपाय कुणी सुचवला, तर ठामपणे नाही म्हणा. त्याने आजूबाजूची इजा होते, हाडही मोडू शकतं, आणि गाठ परत येते ती येतेच.

सुईचा मोह मोठा असतो, कारण पाच-दहा मिनिटांत मनगट सपाट दिसतं. मीही आधी तेच केलं. काही महिन्यांत गाठ जागेवर हजर! यात कुणाची चूक नव्हती. सुई द्रव काढते, देठ तसाच राहतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात सुईनंतर सुमारे 59 टक्के गाठी परत आल्या, तर चिरा देऊन केलेल्या ऑपरेशननंतर सुमारे 21 टक्के. तरीही सुई फुकट जात नाही. निघालेला चिकट द्रव पाहून निदान पक्कं होतं, आणि परीक्षा किंवा घरातलं लग्न तोंडावर असेल तेव्हा तात्पुरता आराम मिळतो.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर देठ आणि आवरणाचा छोटा तुकडाही काढतात. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात, टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. पण व्रण राहतो, मनगट काही आठवडे आखडलेलं असतं, जवळची बारीक नस दुखावली तर बधिरपणा येऊ शकतो. दुर्बिणीतून केलं तर चिरा लहान असतो, मात्र त्यात हात बसलेला सर्जन हवा. केवळ दिसायला नको म्हणून ऑपरेशन करणार असाल, तर गाठीच्या जागी व्रण चालेल का, हे आधी ठरवा. पोळी लाटताना, हातावर भार देऊन उठताना, सूर्यनमस्कारात तळवा टेकवताना महिनोन्‌महिने कळ येत असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार जरूर करा.

गाठ तळव्याच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असेल तर हिशेब बदलतो. नाडी बघतो ती रोहिणी तिथूनच जाते, कधी गाठीला चिकटलेली असते. तिथे अंदाजाने सुई घालू देऊ नका. सोनोग्राफीत पाहूनच, किंवा सरळ हाताच्या सर्जनकडे.

गाठ झपाट्याने वाढत असेल, कडक लागत असेल, लाल-गरम झाली असेल, बोटांत मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल, तर थांबण्याचा पर्याय बाद. त्याच आठवड्यात दाखवा.

ऑपरेशन ठरलं, तर तारीख घेण्याआधी घरी बोला: पंधरा-वीस दिवस कणीक कोण मळेल, बादली कोण उचलेल, गाडी कोण चालवेल.