प्युमिस दगड: हिवाळा आणि उन्हाळा वापरून झाल्यावर

टाचा घासायला आणि संडासाचं भांडं घासायला एकच दगड चालतो. पण तुकडे दोन ठेवा, आणि एकमेकांपासून लांब.

घेताना दगड खरा आहे का ते बघा. वायूंनी भरलेला लाव्हा झटकन गार झाला की त्याची फेसाळ काच होते, ती प्युमिस. आत बहुतेक हवाच, म्हणून बादलीत टाकला की तरंगतो. आपल्याकडे विहिरीच्या मलब्यात भोकाभोकांचा काळा दगड निघतो, तो बेसाल्ट. हाताला जड, पाण्यात बुडणारा. टाचेला लावू नका, कातडी सोलते. दुकानातले एकसारख्या बारीक भोकांचे ठोकळे पुष्कळदा कारखान्यात बनवलेल्या फेसकाचेचे असतात. तेही तरंगतात, त्यामुळे नुसत्या बादलीवर भिस्त नको. घासताना सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो कारखान्यातला माल.

थंडीत वावरात फिरून टाचा फाटतात, तिथे याचा खरा उपयोग. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दगडही भिजवा, साबण लावून हलक्या हाताने दोन-तीन मिनिटं घासा. एका दिवसात टाच गुळगुळीत करायला जाऊ नका. जास्त सोललं की कातडी आणखी जाड येते. आठवड्यातून दोनदा पुरे. पुसून लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. भेगेतून रक्त येत असेल किंवा घरात कुणाला शुगर असेल, तर दगड बाजूलाच ठेवा.

बोअरच्या पाण्याने भांड्यात जो पिवळट थर बसतो, त्यावर ॲसिडपेक्षा हा बरा. त्या थरातल्या कॅल्साइटची, म्हणजे चुन्याच्या क्षाराची, कठीणता मोह्सच्या मापावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) 3, प्युमिसची साधारण साडेपाच ते सहा, म्हणून थर निघतो आणि चिनी मातीची चकाकी बहुधा शाबूत राहते. अट एकच: दगड आणि भांडं दोन्ही ओले हवेत. कोरडं घासलं की ओरखडे आलेच. चकाकी आधीच उडालेल्या जुन्या भांड्यावर वापरू नका. नळ, स्टीलचं सिंक, मार्बल, काच, नॉनस्टिक यांच्या जवळ नेऊ नका. बिडाच्या तव्याची जळकी खरपुडी मात्र छान निघते. नंतर तेलाचा हात द्यायचा.

दगड झिजतो, ती तक्रार नाही. झिजताना नवी धार उघडी पडते, म्हणूनच तो शेवटपर्यंत घासतो. खरा त्रास भोकांत अडकणाऱ्या मळाचा. ओला दगड साबणाच्या डबीत राहिला की कुबट वास धरतो. जुन्या टूथब्रशने धुवा, अधूनमधून पाच मिनिटं उकळा, उन्हात वाळवा. मे महिन्यात ते काम एका दुपारचं.

उरलेल्या तुकड्यांचा चुरा करून कुंडीत घालता येतो, पण फक्त टाचांच्या दगडाचा. चिकण काळ्या मातीत चौथा हिस्सा मिसळला तर पाणी तुंबत नाही. पाणी घातल्यावर हलके खडे वर येतात. वरून जाड वाळू पसरली की बसतात.