जुनी यूएफसी की प्राईड, आधी काय बघावं?

परवा ऑफिसमधल्या एका पोराने विचारलं, सर हल्ली यूएफसी (ती अमेरिकेतली, पिंजऱ्यात लाथा, बुक्क्या, कुस्ती सगळं चालणारी) बघायचा कंटाळा येतो, दर रविवारी सकाळी एक कार्ड, म्हणजे लढतींची अख्खी यादी, कोण कोणाशी लढला ते सोमवारपर्यंत लक्षात पण राहत नाही, जुनं काहीतरी बघायचंय तर १९९३ पासूनची यूएफसी बघू का ती जपानवाली प्राईड, तसल्याच लढती पण पिंजऱ्याऐवजी दोरांच्या रिंगमध्ये? चहा संपेपर्यंत काही धड सांगता आलं नाही, म्हणून इथे टाकतोय. नियम बियम सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीतच असणार.

मी दोन्ही बघितलंय, बरंचसं २००६-०७ च्या आसपास पुण्यात रूमवर, मित्राच्या हार्डडिस्कवरून, असल्या फाटक्या क्वालिटीत की पिंजऱ्याची जाळी कुठली आणि माणूस कुठला ते कळायचं नाही. त्यामुळे माझं मत थोडं त्या जाळीमुळे पण बिघडलं असेल, ते धरून चाला.

आधी यूएफसी. पहिली यूएफसी, नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर, ही एकदा तरी बघायलाच पाहिजे, यात वाद नाही. गोर्डोच्या लाथेने सुमोवाल्याचा दात उडतो, एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून येतो, आणि कुठली विद्या भारी हे तेव्हा खरंच कोणालाच माहीत नव्हतं. ही जी उत्सुकता आहे ना ती प्राईडमध्ये नाही, आजच्या यूएफसीत तर नाहीच नाही. पण अडचण अशी की ती एकदाच पुरते. ब्राझीलचा जुजुत्सूवाला रॉयस ग्रेसी जिंकणार हे तुम्हाला आधीच माहितीये. मग उरतं काय, तर सामन्यातली मजा, आणि तिथे माझं घोडं अडलं.

कुठे अडलं सांगतो. आमचे मामा जुने कुस्तीवाले, तालमीत वाढलेले. ते पुण्याला आले होते तेव्हा मी हौसेने त्यांना यूएफसी ४ मधली रॉयस विरुद्ध डॅन सेव्हर्न लावून दिली, म्हटलं बघा, सेव्हर्न तुमच्यासारखाच कुस्तीवाला, आणि समोरचा जेमतेम ८० किलोचा. सेव्हर्नने त्याला खाली घेतलं, पाठ टेकली, मामा म्हणाले झाली की चितपट, उठव त्याला. म्हटलं मामा इथे पाठ टेकली तरी कुस्ती चालू राहते. बरं म्हणाले. मग पाच मिनिटं झाली, दहा झाली, सेव्हर्न वर तसाच, रॉयस खाली तसाच, पंच शेजारी उभा. मामांनी चपला घातल्या आणि खाली पान खायला गेले. १५ मिनिटं ४९ सेकंदांनी रॉयसने ट्रँगल (पायांच्या कात्रीत मान आवळायचा डाव) लावला तेव्हा रूममध्ये मी एकटाच. गंमत म्हणजे अमेरिकेत पैसे भरून बघणाऱ्या बऱ्याच लोकांच्या टीव्हीवर पण तो शेवट दिसला नव्हता, ठरलेली वेळ संपून प्रक्षेपणच बंद पडलं होतं. पुढे यूएफसी ५ मध्ये रॉयस आणि शॅमरॉक ३६ मिनिटं, त्यातला बहुतेक वेळ एक वर एक खाली, आणि शेवटी काय तर बरोबरीत. जत्रेच्या फडात असं झालं असतं तर लोकांनी शिट्ट्या मारून पंचाला हैराण केलं असतं.

तर माझ्यासाठी सगळा निकाल या एका गोष्टीवर लागला, चिकटून पडलेल्यांना सोडवणारं तिथे कोणी नाही.

प्राईडमध्ये यावर औषध होतं. नुसते पडून राहिलात की पिवळं कार्ड आणि मानधनातले १० टक्के कट. पैशाला हात घातला की माणूस कसा हलतो बघा. आता प्राईडचे पण वैताग आहेत. दोघं लोळत लोळत दोरांपाशी गेले की रेफरी डोन्ट मूव्ह डोन्ट मूव्ह ओरडतो, मग तिघं मिळून त्यांना पोत्यासारखं ओढत मध्ये आणतात, आणि पाय आधी होता तिथेच ठेवलाय का यावर अजून एक मिनिट जातं. पण माणूस दिसतो तरी, मधे जाळी नाही. आणि ते जपानमधल्या सायतामाचं पब्लिक! हजारो माणसं बसलेली आणि इतकी शांतता की कोपऱ्यातून कोच काय ओरडतोय ते ऐकू येतं, आणि कोणी नुसता गार्ड पास केला (म्हणजे खालच्याच्या पायांच्या अडवणुकीतून पुढे सरकला) तरी आ करतात. आपल्याकडे मैदानात जाणकार म्हातारे पुढे बसलेले असतात ना, तसं अख्खं स्टेडियम.

लांबलेली लढत म्हणजे कंटाळवाणीच असंही नाही. १ मे २०००, टोकियो डोम, जपानचा साकुराबा विरुद्ध तोच रॉयस, १५-१५ मिनिटांचे सहा राउंड, म्हणजे ९० मिनिटं, आणि वेळेची मर्यादा नको ही अट रॉयसच्या ग्रेसी घराण्याचीच! साकुराबा त्याचाच गी (जुजुत्सूचा जाड अंगरखा) धरून त्याला खेळवतो, मधेच हसतो, शेवटी रॉयसच्या कोपऱ्यातून टॉवेल पडतो. त्यावर त्याच रात्री हा साकुराबा वोवचँचिनसारख्या हेवीवेटशी लढायला परत येतो. हे वेड आज कोणी करू देणार नाही, आणि खरं सांगायचं तर करू देऊ पण नये.

कारण प्राईड काही सोवळी नव्हती. खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ घालणं तिथे नियमात बसायचं, वँडरले सिल्व्हाच्या काही लढती मला आता या वयात पूर्ण बघवत नाहीत. ताकाडाची कोलमनवरची जीत बऱ्याच जणांना ठरवून केलेली वाटते, मलाही वाटते. आणि २००६ मध्ये याकुझाशी (जपानी गुंडांच्या टोळ्यांशी) संबंधांच्या बातम्या आल्या, लढती दाखवणाऱ्या फुजी टीव्हीने करार तोडला, मग वर्षभरात दुकान यूएफसीच्या मालकांना विकलं गेलं. जुन्या यूएफसीत निदान जे होतं ते भोळं होतं, हा मुद्दा कोणी मांडला तर मी भांडणार नाही.

तरीपण परत परत काय लावतो विचाराल तर प्राईडच. २००२ ची नोगेरा विरुद्ध बॉब सॅप लावा, सॅप दीडशे किलोच्या वर, सुरुवातीलाच नोगेराला उचलून डोक्यावर आपटतो, आणि दुसऱ्या राउंडला तोच नोगेरा सॅपचा हात पिळून त्याला हार मानायला लावतो. हा तोच सॅप जो २०१२ मध्ये अंधेरीला सुपर फाइट लीगमध्ये आला आणि पहिल्याच राउंडमध्ये पायाला लागलं म्हणून हरला, तो बघून प्राईडबद्दल मत बनवू नका प्लीज. मग रँडलमनने फेडोरला मागे उलटा टाकला ती, दीड मिनिटात संपते. आणि फेडोर विरुद्ध क्रो कॉप, ऑगस्ट २००५, ती मात्र निवांत, फोन बाजूला ठेवून.

एवढं झालं की मग पहिल्या चार यूएफसी बघा, आवडतील कदाचित, मला घाई नडली असेल. फक्त सेव्हर्नवाली लावाल तेव्हा शेजारी एखादा कुस्तीवाला बसवा, आणि पान आधीच आणून ठेवा.