हवाच येत नव्हती अन् मी गॅस भरत बसलो

नागपुरात मानेवाडा रिंग रोडला एका गाळ्यात गाडीच्या एसीचं काम करणारे एक काका आहेत, बोर्डावरची अक्षरं उन्हाने कधीच उडालीत त्यामुळे दुकानाचं नाव मलाही माहीत नाही. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, माझ्या गाडीचा ब्लोअर (एसीची हवा फेकणारा पंखा) चार नंबरच्या स्पीडवर टाकला की नुसता आवाज, हवा म्हणाल तर फुंकर मारल्यासारखी. त्यात एक-दोन-तीन नंबर बंदच पडले होते, चालला तर फक्त चार. याआधी दुसरीकडे दाखवलं तर त्यांनी बॉनेट उघडलं, गॅस कमी आहे म्हणाले, १८०० घेतले, फरक शून्य.

या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, थंडी कमी आहे का हवा कमी आहे?" मी गप्प, कारण असा विचारच केला नव्हता. गॅस कमी झाला तर हवा तेवढीच येते, फक्त गार लागत नाही. अन् गॅस काय पेट्रोल आहे का संपायला, लीक असेल तरच जातो. मग त्यांनी टिश्यू पेपरचा तुकडा एकेका जाळीसमोर धरला, कुठेच धड उडेना. ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला आणि मागून केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, ओढला तर काय, काळाकुट्ट, वर कडुनिंबाची वाळकी पानं आणि उंदराने आणून ठेवलेली शेंगदाण्याची टरफलं!! चार वर्षं सर्व्हिसिंग करतोय राव, कोणी हात लावला नव्हता त्याला. फिल्टर न लावताच ब्लोअर सुरू केला तर टिश्यू सरळ मागच्या सीटवर.

बाकीचे स्पीड गेले त्याचं कारणही तेच निघालं. ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे स्पीड कमी-जास्त करणारा भाग, त्याच हवेवर गार होतो, फिल्टर चोक झाला की हवा पुरत नाही, मग तो तापून जळतो, आणि चार नंबर थेट मोटरला जातो म्हणून तेवढा चालत राहतो. वर्ध्याला जाताना तासाभराने हवा अजूनच बारीक व्हायची आणि दहा मिनिटं एसी बंद ठेवला की परत यायची, गाडीखाली पाण्याचं डबकं, ते हवा पुरत नसल्याने कूलिंग कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ जमत होता म्हणून, हे तिथेच कळलं.

फिल्टर ३५०, रेझिस्टर ४५०, मजुरी २००. मध्ये एक एक्स्ट्रा गोष्टही झाली, ड्रायव्हरकडच्या जाळीत पोराच्या पेनाचं टोपण अडकलेलं, ते चिमट्याने काढलं, त्याचे पैसे नाही घेतले.

एक स्टार कापतोय कारण अर्धा तास म्हणून अडीच तास लावले, बसायला जुना टायर, डोक्यावर तापलेला पत्रा, अन् एसीवाल्याच्या दुकानात साधा कूलर नाही.