किंग्जच्या कॅरल्स: नाताळच्या आदल्या रात्रीचा दीड तास

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधून (प्रार्थनामंदिरातून) दर २४ डिसेंबरला बीबीसी रेडिओ ४ वर 'नाइन लेसन्स अँड कॅरल्स' ही उपासना, म्हणजे बायबलमधली नऊ वाचनं आणि त्यांच्यामध्ये कॅरल्स (नाताळची गाणी), थेट ऐकवतात. तिथले दुपारचे ३, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. दहाच्या सुमारास संपते, त्यामुळे वसईत किंवा गोव्यात मध्यरात्रीच्या मिस्सेला निघणाऱ्यांनाही ती निवांत ऐकता येते. इंटरनेटवर रेडिओ ४ लावला की झालं, पैसे पडत नाहीत.

ही उपासना १९१८ पासूनची, रेडिओवर ती १९२८ मध्ये आली. सुरुवात 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी' या कॅरलने होते. पहिलं कडवं एकटा मुलगा साथीशिवाय गातो, दुसरं गायकवृंद म्हणतो आणि तिसऱ्यापासून ऑर्गनसह अख्खं चॅपल. इथेच बरेच जण फसतात. पहिलं कडवं बारीक वाटतं म्हणून आवाज वाढवतात आणि दोन मिनिटांत स्पीकर फाटायला लागतो. एकट्या मुलाचा आवाज लांबून आल्यासारखाच ऐकू यायला हवा. आवाजाची पातळी तिसऱ्या कडव्याला ठरवा, पुढे हात लावू नका.

दगडी छताखाली प्रत्येक स्वर काही सेकंद रेंगाळतो. त्यात फोनमधलं 'सराउंड' किंवा 'बेस बूस्ट' चालू असेल तर सगळा गिचका होतो आणि शब्द कळत नाहीत. दोन्ही बंद ठेवा. फोनच्या स्पीकरवर ऑर्गनचा खर्ज येतच नाही. साधे वायरवाले हेडफोन त्याहून कितीतरी बरे.

नऊ वाचनं जुन्या किंग जेम्स बायबलच्या इंग्रजीत असतात. कान अडखळत असेल तर मराठी बायबल शेजारी ठेवा: उत्पत्तीचा ३ रा अध्याय पहिला, योहानाचा १ ला शेवटचा. निव्वळ संगीतासाठी बसलेल्यांना वाचनं लांबल्यासारखी वाटतील, पण ती गाळून कॅरल्स ऐकल्या तर त्यांचा क्रम अधांतरी वाटतो. कॉलेज कार्यक्रमपत्रिकाही प्रसिद्ध करतं, ती आधी उतरवून घ्या. १९८३ पासून दर वर्षी एक नवी रचना मुद्दाम करवून घेतात. पहिल्या ऐकण्यात ती बहुधा पकडीत येत नाही, म्हणून तिचे शब्द तरी समोर असावेत.

टीव्हीवरचा 'कॅरल्स फ्रॉम किंग्ज' हा वेगळा आणि आधीच चित्रित केलेला कार्यक्रम. मेणबत्त्या सुरेख दिसतात, पण थेट प्रक्षेपणातला ताण त्यात नाही.

शेवटची कॅरल 'हार्क! द हेरल्ड', तिच्या अखेरच्या कडव्यात मुलांचे आवाज मूळ चालीच्या वर चढतात. ते संपलं की लोक रेडिओ बंद करतात, ही चूक. लगेच ऑर्गनवर जर्मन संगीतकार बाखची 'इन डुल्ची युबिलो' ही रचना येते: चालीची एक ओळ, मग वेगवान तानांचा झोत, पुन्हा ओळ. घुमणाऱ्या चॅपलमध्ये त्या ताना एकमेकींत न मिसळू देणं सोपं नाही. त्यासाठी आणखी थोडा वेळ बसाच.