योक की साइडस्टिक? घरच्या सिम्युलेटरसाठी निवड करताना

आधी विमान ठरवा, मग हार्डवेअर. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून छोटे सेसना 172 उडवायचे असेल तर योक, म्हणजे फिरवायचे आणि पुढे-मागे ढकलायचे चाक. नागपूर–मुंबई एअरबस ए320 ने करायचे असेल तर साइडस्टिक, म्हणजे एका हाताने चालवायचा दांडा. एटीआर ही छोटी प्रवासी विमाने आणि बोइंग 737 योकवाली. सगळेच थोडे थोडे उडवणार असाल तर स्टिक घ्या, ती स्वस्त पडते आणि टेबलही मोकळे राहते.

योकमध्ये बहुतेकांची निवड लॉजिटेकचा फ्लाइट योक आणि हनीकॉम्बचा अल्फा या दोघांत होते. लॉजिटेकबरोबर तीन लिव्हरचा थ्रॉटल क्वाड्रंट, म्हणजे इंजिन चालवायच्या लिव्हरची पेटी मिळते. अल्फाबरोबर मिळत नाही, हनीकॉम्बचाच ब्राव्हो क्वाड्रंट वेगळा घ्यावा लागतो. म्हणून दोघांच्या किमती तशाच समोरासमोर ठेवू नका. मात्र हाताला लागणारा फरक मोठा आहे. लॉजिटेकचे चाक एकूण 90 अंश फिरते, अल्फाचे 180. शिवाय लॉजिटेक मध्यावर अडतो: तिथून हलवायला जोर लावावा लागतो आणि सुटताच तो जोर जास्त होतो. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात, विमान सारखे वरखाली होते, ते बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह (हाताच्या हालचालीला विमान किती दाद देते तो आलेख) मध्याजवळ सपाट करा. डेड झोन (मध्याजवळचा, हालचाल मोजलीच न जाणारा भाग) वाढवू नका, त्याने अडचण वाढतेच.

तीन लिव्हरपैकी मिक्स्चरचा (इंधन-हवेच्या प्रमाणाचा) लिव्हर नागपूरकरांनी शोभेचा समजू नये. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फुटांवर आहे, पण मे महिन्यात 45 अंशांना हवा विरळ होते आणि विमानाला ती 5,000 फुटांच्या आसपास असल्यासारखी वाटते. लाइव्ह हवामान लावून पूर्ण रिच (जास्तीत जास्त इंधनाच्या) मिक्स्चरवर टेकऑफ केला तर इंजिन पूर्ण ताकद देत नाही.

एअरबसवाल्यांना थ्रस्टमास्टरची टीसीए साइडस्टिक पुरेशी आहे. कॅप्टनच्या जागेवर ती डाव्या हातात असते, आणि हिची बटणे डावीकडे बसवता येतात. ए320 स्वतःच ट्रिम करते (नाक हवे तिथे टिकवायचा जोर स्वतःच सांभाळते), म्हणून ट्रिम व्हीलवर पैसे घालू नका. ते पैसे टीसीए क्वाड्रंटमध्ये घाला: आयडल (किमान ताकद), सीएल (चढाई), फ्लेक्स (कमी ताकदीचा टेकऑफ) आणि टोगाच्या (पूर्ण ताकद) खाचा हाताने न बघता सापडतात. सिममधल्या विमानाच्या टॅब्लेटमध्ये प्रत्येक खाच कॅलिब्रेट करा. नाही केली तर लिव्हर सीएलवर असूनही विमान ते ओळखत नाही आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) लागत नाही.

आता सेन्सर, कारण वर्षभरानंतर तक्रार तिथूनच सुरू होते. लॉजिटेकच्या योकमध्ये पोटेन्शिओमीटर आहेत. आत पट्टीवर संपर्क घासत फिरतो. उन्हाळ्याची धूळ आणि कुलरची दमट हवा त्यात गेली की सिग्नल थरथरतो, हात स्थिर असूनही एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) हलतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही महिने निघतात. अल्फात आणि टीसीए स्टिकच्या मुख्य दोन अक्षांत (पुढे-मागे आणि डावी-उजवी) चुंबकीय सेन्सर आहेत, तिथे घासण्यासारखे काही नाही. स्टिकच्या पिळण्याच्या अक्षाला मात्र पोटेन्शिओमीटरच आहे, त्यामुळे आधी रडर (शेपटीवरची उभी झडप) बिघडतो. कोणतेही घ्या, रात्री कापड टाका आणि कुलरच्या झोतासमोर ठेवू नका.

पैसे मोजकेच असतील तर महागड्या योकऐवजी साधी स्टिक आणि पायाने रडर चालवणारी पेडल घ्या, हे आमचे ठाम मत. सेसना पूर्ण पॉवरला डावीकडे ओढते आणि उजव्या पायानेच सरळ राहते. ती सवय मनगट पिळून लागत नाही. वेगळे डावे-उजवे ब्रेकही पेडलवरच मिळतात. अडचण गुळगुळीत टाइल्सची आहे: पेडल पुढे सरकतात, चाकांची खुर्ची मागे. 12 मिमी प्लायवर पेडल स्क्रूने बसवा, खाली रबरी मॅट टाका, प्लाय भिंतीला टेकवा आणि खुर्ची बिनचाकांची घ्या.

जोडणी झाल्यावर दोन गोष्टी तपासा. सिम्युलेटर प्रत्येक नव्या उपकरणाला स्वतःहून अक्ष वाटतो (कोणती हालचाल काय चालवेल ते ठरवतो), त्यामुळे स्टिकवरचा छोटा थ्रॉटल आणि क्वाड्रंट एकाच इंजिनवर भांडतात. एकाची नेमणूक पुसा. आणि उड्डाणात मध्येच योक गायब होत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची वीजबचत बंद करा, तरीही जमले नाही तर स्वतंत्र अडॅप्टरचा हब लावा.