मायसेनची ‘कांदा’ नक्षी: विकत घेण्याआधी काय तपासावं?

नावात कांदा असला तरी या निळ्या-पांढऱ्या बशीवर कांदा कुठेच नाही. १७४० च्या सुमारास जर्मनीतल्या मायसेन इथल्या पोर्सलेनच्या (चिनी मातीच्या) कारखान्यात चिनी भांड्यांवरून ही नक्षी बेतली गेली. काठावरची डाळिंबं आणि पीच तिकडच्या लोकांना कांद्यासारखी वाटली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

पैसे मोजायचे ते हातकामासाठी. बशी आधी साधारण ९०० अंशांना भाजतात. मग टोचलेल्या खाक्यावरून कोळशाची पूड टिपतात, आपल्याकडे भरतकामासाठी नक्षी छापतात तशीच. त्या पुसट ठिपक्यांवरून कोबाल्टच्या रंगाचा कुंचला फिरतो. ही भाजलेली माती टीपकागदासारखी पाणी ओढते, त्यामुळे कुंचला क्षणभर जरी थबकला तरी रंग साचतो आणि चुकलेली रेघ खोडता येत नाही. रंगही तेव्हा काळपट दिसतो. झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवून सुमारे १४०० अंशांच्या भट्टीतून बाहेर आला, की तो निळा खुलतो. कोळसा जळून गेलेला असतो आणि भांडं जवळपास एक षष्ठांशाने आटलेलं.

भिंग घेऊन एखादा देठ पाहा. हाताची रेघ जाड-बारीक होत जाते आणि रंग साचलेल्या जागी गडद दिसते. दोन फळं तंतोतंत सारखी असतील किंवा बारीक ठिपके दिसले, तर तो छापा. या नक्षीच्या नकला इतक्या झाल्या, की १८८८ पासून नक्षीच्या मधोमध असलेल्या बांबूच्या बुडाशीही मायसेनची खूण, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी, रंगवतात. भांड्याच्या मागच्या बाजूच्या तलवारींवर आडवे चरे असतील, तर माल दुय्यम प्रतीचा आहे. रोजच्या वापराला तो उत्तम, फक्त पहिल्या प्रतीचा भाव देऊ नका.

कपांचा संच घेण्यापेक्षा एक मोठी थाळी घ्यावी. काठावरची फळं एकदा आत, एकदा बाहेर वळतात. ही लय कपावर जागेअभावी गुदमरते.

नक्षी झिलईखाली असल्याने सुरी लागून रंग जात नाही. सोनेरी काठाचं तसं नाही: सोनं झिलईवर बसतं, म्हणून तसं भांडं मायक्रोवेव्हमध्ये नको आणि घासणीही नको. थाळ्या एकावर एक रचताना मध्ये मऊ कापड घाला. बुडाच्या कड्याला झिलई नसते आणि तेच खालच्या थाळीला ओरखडे पाडतं.