मरोळ ते गिरगाव, जमिनीखालून

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वर सगळ्यांचे रील टाकून झाले, आता मी लिहितेय. आमच्या घरात कुठलीही नवी गोष्ट "जरा गर्दी ओसरू दे" असं आईने म्हटल्याशिवाय वापरली जात नाही. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर २०२४ मध्ये चालू झाली, मग मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. आईचं म्हणणं एकच, वरळीपर्यंत जाऊन मी काय करू, गिरगावात जाते का ते सांग. गेली एकदाची गिरगावात, मग आम्ही निघालो. रविवार, सकाळ, आईचा डबा, माझी छत्री (कशाला घेतली माहीत नाही, सवय).

आधी पार्श्वभूमी, म्हणजे रिव्ह्यू कोण लिहितंय ते कळेल. माझं लहानपण गिरगावच्या फणसवाडीतल्या चाळीत गेलं, मग बाबांनी मरोळला वन बीएचके घेतला आणि आम्ही "लांब" राहायला आलो. तेव्हापासून गिरगावात जायचं म्हणजे रिक्षाने अंधेरी, मग स्लो लोकल, चर्नी रोडला उतरून पूल, आणि दारातून दारात दीड तास सहज. आईचे गुडघे गेल्यापासून ते बंदच झालं होतं. नातेवाईकांची लग्नकार्यं सोडली तर गेल्या ४ वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. इथे मरोळच्या एका हॉटेलात, नाव नको, १८० रुपयांना मिसळ म्हणून फरसाणावर टोमॅटो सूप ओतून देतात, ते खाल्ल्यावर तिने जाहीर केलं की आता गिरगावात विनय हेल्थ होमला मिसळ खायला गेल्याशिवाय मरायचं नाही.

तर मरोळ नाका स्टेशन. खाली उतरायला लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. सरकत्या जिन्यावर आई पहिल्या पायरीशी उभी राहून तीनदा पाय पुढे-मागे करत होती आणि मागे रांग वाढत होती, शेवटी एका कॉलेजच्या मुलीने "आजी, हात द्या" म्हणून नेलं तिला. बॅगा स्कॅनरमध्ये टाकायच्या, तिथे डबा अडला. सिक्युरिटीवाला म्हणाला, मावशी यात काय आहे? आई म्हणाली, आत्ता काही नाही, येताना पियुष आणणार. त्याने झाकण उघडून बघितलं, खरंच रिकामा होता, तो हसला, आम्ही पुढे.

तिकिटाचं एक सांगते. तिकीट १० रुपयांपासून ७० पर्यंत आहे, आरे ते कफ परेड पूर्ण गेलात तर ७०. लोकलच्या सेकंड क्लासशी तुलना केलीत तर महाग, रिक्षा किंवा ओला-उबरशी केलीत तर फुकट, तुम्ही कुठून मोजताय त्यावर आहे. पण क्यूआर तिकीट फोनवर काढणार असाल तर वर असतानाच काढून घ्या, मी खाली गेल्यावर काढायला गेले आणि माझ्या सिमवाल्या कंपनीचं नेटवर्क असं गायब झालं की मला खिडकीवर जाऊन रोख पैसे द्यावे लागले, आणि आई बाजूला उभी राहून "बघ, म्हणून पर्समध्ये नोटा ठेवाव्यात" हे निदान चारदा म्हणाली.

प्लॅटफॉर्मवर काचेची दारं आहेत, गाडी आली की दोन्ही दारं एकदम उघडतात, रुळांकडे वाकून बघायची सोयच नाही. आठ डब्यांची गाडी, थंडगार एसी, बसायला जागा. आता खरी गंमत. आई हट्टाने खिडकीला पाठ न लावता वळून बसली, बाहेर बघायला. बाहेर काय, मिट्ट काळोख. काचेत तिलाच तिचं तोंड दिसायला लागलं. मग तिने टिकली सरळ केली, केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई गं, हे बघायला आलो काय आपण." मी हसले, पण मलाही तेच वाटत होतं. लोकलने गेलं की दादर आलं ते फुलांच्या वासावरून कळतं, महालक्ष्मी आलं ते रेसकोर्सच्या मोकळ्या हवेवरून. इथे घोषणेवर विश्वास ठेवायचा. विमानतळ टी२ झालं, सहार रोड झालं, पुन्हा विमानतळ टी१ म्हटल्यावर आईला वाटलं गाडी उलटी फिरली.

बीकेसी आणि धारावीच्या मध्ये बोगदा मिठी नदीच्या खालून जातो. हे मी तिला उगाचच सांगितलं. ती गप्पच झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या रात्री बाबा बीकेसीतल्या ऑफिसातून निघालेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, कंबरेपर्यंत चिखल, हातात चपला. "ती मिठी आपल्या डोक्यावर आहे आत्ता?" म्हणाली. हो म्हटलं. मग तिला लगेच आठवलं, २६ मे २०२५ ला पहिल्याच मोठ्या पावसात अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं, टीव्हीवर तिने ते दिवसभर बघितलेलं. धारावीची घोषणा होईपर्यंत माझा हात सोडला नाही तिने. आम्ही गेलो तेव्हा अत्रे चौक कोरडं ठणठणीत होतं, पण खरा रिव्ह्यू मी जुलैत लिहीन, मुंबईत कुठल्याही गोष्टीची परीक्षा जुलैतच होते.

अजून एक, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही लाईन म्हटली की मला २०१९ चा ऑक्टोबर आठवतो, आरेत कारशेडसाठी रात्रीतून झाडं पाडली होती आणि नंतर सुप्रीम कोर्टाने थांबवलं. तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन तट पडलेले, मी झाडांच्या बाजूने तावातावाने लिहिलेलं, आणि आता मी त्याच मेट्रोच्या एसीत बसून आईला गिरगावात नेतेय. याचं उत्तर माझ्याकडे नाही. गिरगाव-काळबादेवीत स्टेशनांसाठी जुन्या इमारतीही पाडल्या, त्यात आईच्या एका मैत्रिणीची खोली गेली, ती अजून त्यावर बोलत नाही.

नावांबद्दल मात्र एक चांगलं झालं. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठांचं नाव आहे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती आणण्यात नाना शंकरशेठांचा मोठा वाटा, आणि माणूस आमच्या गिरगावचा. घोषणेत नाव आलं तेव्हा आईने मान डोलावली, जणू कुणी ओळखीचं भेटलं.

गिरगाव आलं पाऊण तासाच्या आत. माझा विश्वास बसेना, मी घड्याळ दोनदा बघितलं. खालून वर यायला मात्र वेळ लागतो, बोगदा तब्बल २०-२५ मीटर खाली आहे, त्यामुळे एकामागून एक जिने. कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते आधी पाटीवर वाचा, आम्ही न वाचता बाहेर पडलो आणि रस्त्याच्या नको त्या बाजूला उगवलो. पण त्याने काही बिघडलं नाही, आई दोन मिनिटं नुसती उभी राहिली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मला न विचारता चालायला लागली, तेही गुडघे विसरून. शाळेच्या मुलीसारखी पुढे आणि मी छत्री घेऊन मागे.

विनय हेल्थ होमची मिसळ. मी खूप लिहिणार नाही, ज्याने खाल्लीय त्याला माहीत आहे. कट घशाशी झणका देतो पण जिभेची चव मारत नाही, मटकीला मटकीची चव राहते, आणि फरसाण शेवटच्या घासापर्यंत थोडं कुरकुरीत राहतं, म्हणजे ते वाढायची वेळ त्यांना कळते. आईने पहिला घास घेतला आणि बोलली नाही. दुसरा पाव मागवला तेव्हा बोलली, "लिंबू पिळ." मग पणशीकरांचं पियुष, तिथेच एक एक ग्लास आणि डबा भरून. जायफळाचा वास हाताला राहिला होता.

निघताना मी सवयीने मेट्रोच्या जिन्याकडे वळले, तर आई म्हणाली, नाही, मरीन लाईन्सवरून जाऊ. म्हटलं आई, पूल आहे तिथे, तुझे गुडघे. म्हणाली, चढेन हळूहळू. चिराबाजारातून चालत, तीनदा थांबत, पूल चढून आम्ही अंधेरी स्लो पकडली. रविवार होता, लेडीजमध्ये खिडकी मिळाली. गाडी सुटली की चर्नी रोडपर्यंत डाव्या हाताला जिमखान्यांची मैदानं आणि पलीकडे समुद्र, जेमतेम दोन मिनिटं. ती दोन मिनिटं ती खिडकीची गजं धरून बसली होती, डबा मांडीवर. अंधेरीला उतरून पुन्हा रिक्षा, पुन्हा ट्रॅफिक, घरी पोचायला दीड तास लागला आणि रस्त्यात खड्ड्यात डबा कलंडून थोडं पियुष माझ्या ओढणीवर सांडलं.

मेट्रोला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत, जाताना खालून आणि येताना वरून असं आईने ठरवून टाकलंय, आणि या वेळी डबा घट्ट झाकणाचा घ्यायचा आहे.